टपालाने रशियन

अल्माटी, कझाकस्तान
१२ सप्टेंबर १९९६

प्रिय कुसुमआत्या,

नमस्कार सगळ्या मोठ्या माणसांना वाटून दे, पण हे पत्र एकटीच वाच आणि वाचून झालं की डब्यात ठेव. दादांच्या हाती लागलं तर ते नांदेडहून चालत इथे येतील.

मला येऊन वीस दिवस झाले. गाव देखणं आहे. रस्त्याच्या टोकाला पांढरेशुभ्र डोंगर, रस्त्याच्या कडेला सफरचंदाची झाडं. आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, टायपिस्ट स्वेतलाना, मी, आणि मॅनेजर नरसिंगराव. ते पक्के हैदराबादी. औषधाच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढलेली, पण रशियनचा एक शब्द येत नाही. म्हणून तर कंपनीने मला घेतलं.

आता खरी गोष्ट. अर्जात ‘येणाऱ्या भाषा’ असा रकाना होता. मी मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं. रकान्यात जागा उरली होती, म्हणून रशियन लिहिलं. तू मला दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत लातूरला ती चित्रांची पुस्तकं घेऊन अक्षरं शिकवली होतीस ना, तेवढ्या भरवशावर. मुलाखतीत साहेबांनी एक रशियन वर्तमानपत्र पुढे केलं. मी अर्धा रकाना न अडखळता वाचला. समोरच्या तिघांनाही रशियन येत नव्हतं. त्यांनी कागदावर ‘उत्तम’ असं लिहिलं.

आत्या, मला वाचता येतं. कळत काहीच नाही. मी पाट्या वाचतो, बसवरची गावांची नावं वाचतो, घरमालकिणीचं वीजबिल खडाखडा वाचून दाखवतो. वेरा पेत्रोव्हना तिचं नाव, सत्तरीची आहे, पूर्वी ट्रॉलीबस चालवायची. तिला वाटतं पोराला सगळं समजतं. ती बोलत राहते, मी मान हलवत राहतो. गेल्या आठवड्यात असाच कशाला तरी हो म्हणालो आणि रविवारी तिच्या बहिणीच्या शेतात दिवसभर बटाटे काढले.

नोकरी सहा महिने तात्पुरती आहे. फेब्रुवारीअखेर कायम करतील, नाहीतर परतीचं तिकीट हातात देतील. काम काय, तर दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांना आमच्या तापाच्या गोळीची माहिती रशियनमधून सांगायची. तू रशियनचा डिप्लोमा केलेली आमच्या खानदानातली एकटी. टपालाने शिकवतेस का?

तुझा,
सर्वेश

---

लातूर
४ ऑक्टोबर १९९६

चि. सर्वेशला आशीर्वाद, आणि कानाला धरून एक चांगला पीळ.

बी. फार्म. झालेला मुलगा रिकामा रकाना दिसला म्हणून खोटं लिहितो! तुझ्या आजोबांनी निजामाच्या राज्यात उर्दू शिकून नोकरी केली, पण आधी शिकले आणि मग अर्ज लिहिला. बरं, आता झालं ते झालं.

माझी पुस्तकं भूकंपापासून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रंकेत आहेत. त्यात घराची मागची भिंत गेली ती मी परत बांधलीच नाही. परवाच्या तीस तारखेला तीन वर्षं झाली. ट्रंक उघडली तर कसरीने शब्दकोशाची बरीच पानं चाळणी केलेली, पण काम भागेल.

हैदराबादला डिप्लोमा करून मला बावीस वर्षं झाली. पहिला वर्ग मिळाला होता. दुभाषीण व्हायचं होतं, झाले इंग्रजीची मास्तरीण. शाळा सांभाळून आता सकाळ-संध्याकाळ वैजनाथ सरांच्या क्लासमध्ये शिकवते. इथे मुलं कशी तयार होतात ते तुला माहीत आहेच. तुलाही तसंच तयार करायचं ठरवलंय. दवाखान्यात विचारले जातील असे आणि तू बोलशील असे दोनशे संभाव्य प्रश्न आणि वाक्यं काढली आहेत. सगळ्यांना क्रमांक दिलेत. रोज दहा पाठ करायची, मोठ्याने म्हणायची, लिहून काढायची. सोबत तीन सराव परीक्षा आहेत. घड्याळ लावून सोडव आणि परत पाठव, मी लाल शाईने तपासते.

आणि क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगतो तेच तुलाही सांगते. प्रश्न सोडायचा नाही. आला नाही तरी उत्तर द्यायचं. चुकलं तर गुण कापत नाहीत, कोरं ठेवलं तर शून्य नक्की. तोंडी परीक्षेत गप्प बसलेला मुलगा कुणी पास केलेला मी पाहिला नाही.

दादाला सांगत नाही. तुझा बाप आत्ताच नांदेडला वजिराबादेत सांगत फिरतोय, पोरगं रशियन लोकांना रशियन शिकवून राहिलं म्हणून.

तुझी,
कुसुमआत्या

---

अल्माटी
१० नोव्हेंबर १९९६

प्रिय आत्या,

पेढे वाट! गुरुवारी मैदान मारलं.

तुझा गठ्ठा आल्यापासून मी घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा फिरतोय. भांडी घासताना एक ते चाळीस, बसमध्ये एक्केचाळीस ते नव्वद, दात घासताना उरलेली. वेरा पेत्रोव्हना दाराआडून ऐकते आणि हसते. एकदा तिने काहीतरी विचारलं, मी एकशे बाराव्या क्रमांकाचं उत्तर दिलं. तिने मला सूप वाढलं. म्हणजे बरोबरच असणार.

तर गुरुवारी तालगारला गेलो. अल्माटीपासून बसने तासाभराचं गाव. दवाखान्यात तेरा डॉक्टर, त्यातल्या अकरा बायका. नरसिंगराव शेजारी कोट घालून बसलेले. मी उभा राहिलो आणि एक्केचाळीस ते सत्त्याण्णव एका दमात म्हणून टाकली. मध्ये तीन प्रश्न आले. दोन तुझ्या संचातले! तिसरा साधारण जवळपासचा होता, तोही निभावला.

शेवटी तिथल्या मुख्य डॉक्टर, सौले अख्मेतोव्हना, यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आमच्या गणिताच्या मॅडमसारख्या. मला त्यातला फक्त ‘गोळी’ हा शब्द कळला. पण गप्प बसायचं नाही ही तुझी आज्ञा. छाती पुढे काढून म्हटलं, ‘दा, कन्येश्ना, मोझ्ना.’ होय, अर्थातच, चालतं. बाईंनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर नरसिंगरावांनी पाठीवर अशी थाप मारली की कोटाची धूळ उडाली. म्हणाले, ‘क्या बात है मियाँ! कितना फ़र्राटे से बोले तुम!’ रशियन माहितीपत्रकं अजून छापखान्यात आहेत. ती आली की डिसेंबरात पहिली खोकी तालगारलाच जाणार.

सोडवलेल्या तिन्ही परीक्षा पाठवतोय. तिसरीत कमी पडलोय, रागावू नकोस.

तुझा,
सर्वेश

---

लातूर
२ डिसेंबर १९९६

चि. सर्वेशला आशीर्वाद. आज पीळ नाही.

सत्त्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणसत्तर. तिसऱ्यात घाई दिसते. पण खऱ्या परीक्षेत पास झालास. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा वैजनाथ सरांना वाचून दाखवलं. खोट्या रकान्याचा भाग सोडून, अर्थात.

ते बरं झालं की वाईट ते तूच ठरव. सर म्हणाले, ‘मॅडम, इतकी मोठी गोष्ट घरात झाकून ठेवली होय?’ चार दिवसांत हँडबिलं छापून आली. ‘आता रशियनही लातूर पॅटर्नने! केवळ टपालाने शिकून परदेशात उच्चपदस्थ!’ खाली तुझा अकरावीतला फोटो. त्यात तुझे केस उभे आहेत, पण लोकांना परदेशी वळण वाटतंय.

एक्केचाळीस मुलं आली! इथे ज्यांचा मेडिकलचा नंबर हुकतो त्यांची नजर हल्ली रशियाकडे आहे, तिथे डॉक्टर होता येतं असं कळलंय. चाकूरची दीपमाला म्हणून शेतकऱ्याची मुलगी आहे. रोज पहाटेच्या एसटीने येते, पहिल्या बाकावर बसते. मी फळ्यावर रशियन अक्षरं काढली. बावीस वर्षांनी, सर्वेश. आणि एक्केचाळीस तोंडं एकदम म्हणू लागली.

तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलेला प्रश्न काय होता ते लिहिलंच नाहीस. तो नीट लिहून पाठव. संचात घालते, दोनशे एकावा.

तुझी,
कुसुमआत्या

---

अल्माटी
२२ डिसेंबर १९९६, रविवार

प्रिय आत्या,

आज हसायला काही नाही. म्हणजे सुरुवातीला आहे, ते आधी सांगतो.

शुक्रवारी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. बारीकसा धक्का बसला. कपाटातल्या काचा किणकिणल्या, बस. या गावाला त्याची सवय आहे. मला मात्र कळायच्या आत मी चार जिने उतरून रस्त्यावरच्या बर्फात उभा होतो. अंगात बनियन, पायात एक मोजा, हातात चमचा. अख्ख्या इमारतीतून एकटा मीच बाहेर. वरून खिडक्यांतून लोक बघून राहिले.

वेरा पेत्रोव्हना कोट घेऊन खाली आली. आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. वर नेऊन चहा दिला आणि विचारलं, का? एवढा एक शब्द मला कळला. उत्तर तुझ्या दोनशेत नव्हतं. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या कॅम्पबरोबर किल्लारीकडे औषधं वाटायला गेलो होतो, ते तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, ‘माझा जिल्हा नाही. शेजारचा. गाव होतं. सकाळी गाव नाही.’ मग शब्द संपले. मी टेबलावर साखरेचे खडे रचले आणि पाडले. ती काहीतरी बोलली. मी पहिल्यांदाच म्हटलं, समजलं नाही. ‘न्ये पोन्याल.’ तिने तेच पुन्हा हळू सांगितलं. तीन वेळा. तिसऱ्यांदा कळलं. त्या दिवशी आम्ही दोघं तासभर बोललो, आत्या. मोडकंतोडकं, पण बोललो.

संध्याकाळी तुझं पत्र आलं. तू तो प्रश्न मागितला होतास. मला अर्थ कळला नव्हता, पण बाईंचं अख्खं वाक्य कानात जसंच्या तसं बसलंय. आपल्याला सवयच तशी लागलीय, अर्थ नसला तरी पाठ होतं. मी ते वेरा पेत्रोव्हनाला म्हणून दाखवलं, म्हटलं स्पेलिंग सांग. तिने कप खाली ठेवला. पुन्हा म्हणायला लावलं. मग दोन्ही हात एवढेसे लांब धरून बाळ दाखवलं आणि बशीतलं बिस्कीट मोडून अर्धं केलं.

प्रश्न असा होता: एक वर्षाच्या बाळाला अर्धी गोळी दिली तर चालेल का?

आमची गोळी सहा वर्षांच्या आत द्यायची नाही, आत्या. आणि मी छाती काढून म्हटलं होतं, अर्थातच.

पहिली खोकी परवा मंगळवारी तालगारला जायची आहेत. अजून एकही गोळी तिथे पोहोचलेली नाही, एवढाच आधार. काल दिवसभर मनात येऊन गेलं की माहितीपत्रकात वयाचं छापलेलंच आहे, आपण काही बोलायला नको, निभेल. पण पत्रक कोण वाचतं? बाई त्यांची वही वाचतील. आणि वहीत माझं उत्तर आहे.

तिथे जाऊन सांगितलं तर मला रशियन येत नाही हे उघडं पडणार. बाई कंपनीला कळवणार. दोन महिन्यांवर कायम व्हायचं राहिलंय. काय करू, असं तुला विचारणार होतो, पण तुझं उत्तर यायला महिना लागेल. उद्या सकाळच्या बसने जातोय.

सर्वेश

---

लातूर
१३ जानेवारी १९९७

चि. सर्वेश,

पत्र आज मिळालं. तू गेला असशील ना? गेला असशीलच. तरी मी इथे दिवसभर तुला बसमध्ये बसवतेय.

चूक तुझ्या जिभेची असली तरी शिकवण माझी आहे. दोनशे वाक्यं काढली, त्यात ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ हे एक वाक्य घातलं नाही. घालायचं सुचलंच नाही. वीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी तसं म्हणालेलं नाही, कारण मी म्हणू दिलेलं नाही.

आणखी एक तुझ्यापासून लपवलंय. मी आयुष्यात एकाही रशियन माणसाशी बोललेले नाही. हैदराबादला आमचे शिक्षकही आपलेच होते. माझी तोंडी परीक्षा पाठ केलेल्या उताऱ्यावर झाली. तू त्या म्हातारीशी साखरेचे खडे मांडून तासभर बोललास, तेवढं रशियन मला येत नाही.

आज वर्गात सगळं सांगितलं. रकान्यापासून बिस्किटापर्यंत. वैजनाथ सर दारातच उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मॅडम, गावभर हँडबिलं वाटून झाली, आता हे काय करून राहिल्या तुम्ही?’ मी म्हटलं, ‘दारावरचा त्याचा फोटो उतरवा.’ ते दोन दिवस बोलणार नाहीत. वर्गात मात्र मुलांनी वह्या मिटल्या होत्या. दीपमाला उठून म्हणाली, ‘मॅडम, मग आमी बी तिकडं जाऊन पेशंटला असंच हो म्हणत बसणार की काय?’ उद्यापासून पाठांतर बंद. काय करायचं ते अजून मला माहीत नाही.

दादालाही फोनवरून सांगितलं. बूथमध्ये उभी राहून, त्याच्या ओरडण्यासाठी रिसीव्हर कानापासून लांब धरून. पण तो ओरडला नाही. म्हणाला, ‘बाळाला काही झालं नाही ना?’ मी म्हटलं, नाही. म्हणाला, ‘मग त्याला म्हणावं, तिकीट हातात दिलं तर घेऊन ये. इथे मेडिकल दुकानात लागेल कुठेतरी.’

काय झालं ते लगेच लिही.

आत्या

---

अल्माटी
१० फेब्रुवारी १९९७

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच ठरत नव्हतं. आज ठरलंय.

त्या सोमवारी गेलो. व्हरांड्यात पोरांना कडेवर घेतलेल्या बायकांच्या रांगेत दीड तास बसलो. त्यातलं एक बाळ माझ्या मफलरशी खेळत होतं, ते एवढंच होतं, वेरा पेत्रोव्हनाने हातांनी दाखवलं तेवढंच. आत गेल्यावर तीन वाक्यं बोललो. तुमचा प्रश्न मला समजला नव्हता. मी हो म्हणालो. उत्तर ‘नाही’ असं आहे.

सौले अख्मेतोव्हनांनी ऐकून घेतलं. वही काढली, पान शोधलं, माझं उत्तर दोनदा खोडलं. मग नर्सला बोलावून काहीतरी विचारून घेतलं. आणि मग माझ्याकडे वळल्या. वीस मिनिटं! मला त्यातलं एक तृतीयांश कळलं आणि तेवढंच पुरे झालं.

परत येऊन नरसिंगरावांना मात्र सांगितलं नाही. धीर झाला नाही, हे तुला खरं सांगतो. बाई लिहितील तेव्हा लिहितील, असं म्हणून जानेवारी काढला. खोकी पत्रकांसह गेली. मी रोज टपाल बघायचो.

गेल्या सोमवारी नरसिंगरावांनी आत बोलावलं. टेबलावर दवाखान्याचा शिक्का असलेलं पत्र. म्हणाले, ‘तालगार से ख़त आया है. पढ़ के सुनाओ मियाँ.’ आत्या, त्यांना रशियन येत नाही. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ‘माल पोहोचला, आभारी आहोत’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी पत्र वाचलं आणि एकेक ओळ हिंदीत सांगितली. तुमच्या प्रतिनिधीला रशियन येत नाही. त्याने नोव्हेंबरात तेरा डॉक्टरांसमोर चुकीचं उत्तर दिलं. त्यातून मुलं आजारी पडली असती. अशा माणसाला एकट्याने पाठवणं ही तुमच्या कंपनीची बेजबाबदारी आहे. नरसिंगराव माझ्याकडे बघतच नव्हते. समोरच्या एका टाइप केलेल्या कागदावर पेन्सिल चालवत होते. मला वाटलं, माझ्या तिकिटाचं पत्र लिहून ठेवलंय.

माझं संपल्यावर म्हणाले, ‘एक लाइन खा गए तुम. आख़री वाली.’

मी म्हटलं, ‘साहेब, ती मला समजली नाही.’

त्यांनी तो टाइप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. तेच पत्र, इंग्रजीत. स्वेतलानाने आधीच करून दिलं होतं. शेवटची ओळ अशी: आमच्याकडे कंपन्यांची खूप माणसं येऊन गेली, चूक सांगायला परत आलेला हा पहिला, तेव्हा पुढच्या वेळी त्यालाच पाठवा, पण आधी त्याला शिकवा.

मग नरसिंगरावांनी मला धुतलं, मुलाखतीपासून. त्यांची दखनी अशी की त्यातले काही शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकले होते, काही कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘इससे पहले एक दुभाषिया रखा था मैं. साल भर मेरे को मीठा-मीठा सुनाता रहा. आधे डॉक्टर नाराज़ थे, मेरे को मालूमच नहीं.’ कायम करण्याच्या कागदावर त्यांनी सही केली. वर एक अट घातली. वर्षभर एकट्याने कुठेही बोलायचं नाही, आणि दर गुरुवारी तालगारच्या दवाखान्यात बाईंच्या मागे स्टुलावर बसून ऐकायचं. बाईंनाही त्यांनी तसं लिहून विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात पहिला गुरुवार झाला. सकाळपासून बाळं, खोकला, रडारड, आया. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. एक आई बराच वेळ भराभरा काही सांगत होती, बाई तिला समजावत होत्या. दुपारी रांग संपली, चहा आला. सौले अख्मेतोव्हनांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ती बाई काय म्हणत होती, समजलं?

मी म्हटलं, अर्धं.

त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला आणि म्हणाल्या, ‘कुठलं अर्धं?’

ते सांगायला मला पाऊण तास लागला, आत्या. चहा थंड झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

तुझा,
सर्वेश